धावपट्टीवर जीप होती

आकाशात जशी शिस्त आहे तशी माणसाने जमिनीवर कुठेच निर्माण केलेली नाही, कारण तिथे वर चुकीला जागा नाही आणि विसरण्याला क्षमा नाही.

हे वाक्य मी बदलापूर गावातल्या एका शाळेच्या स्नेहसंमेलनात म्हणालो. मुख्याध्यापक भोईर सरांनी माझी ओळख ‘आपल्या मातीतला वैमानिक’ अशी करून दिली होती. मी वैमानिक नाही. विमानतळाच्या टॉवरमध्ये बसून कोणी उतरायचे, कोणी थांबायचे, कोणी निघायचे हे सांगणारा नियंत्रक आहे. पण अंगावर शाल पडल्यावर माणूस दुरुस्त्या सुचवत नाही. टाळ्या झाल्या, नारळ मिळाला, विमानाचे चित्र असलेले स्मृतिचिन्ह मिळाले. बाहेर आलो तर स्कूटर सापडेना. शाळेभोवतीच्या तिन्ही गल्ल्या दोनदा पालथ्या घातल्या. शेवटी शाल-नारळासकट पोलीस चौकीकडे निघालो, तेव्हा वाटेत वडील भेटले. स्कूटर त्यांच्या अंगणात होती. मीच ती तिथे लावून शाळेत चालत गेलो होतो.

त्या दिवशी आम्ही सगळे खूप हसलो. वडील तर आठवडाभर भेटेल त्याला सांगत होते. आता मागे वळून पाहताना कळते की तो आजाराचा पहिला ठळक दिवस होता. पण आजार शाल पांघरून आला, तर त्याला कोण ओळखणार?

हे लिहितो आहे ते पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांसाठी आणि ज्यांच्या हातात दुसऱ्यांचे जीव असतात त्यांच्यासाठी. मी आजारी होतो तेव्हा असे काही वाचायला शोधत होतो. मिळाली ती पद्मासनात बसलेल्या माणसांची चित्रे.

जीप

आमचे काम थोडक्यात सांगतो. समोर एक उतरता बोर्ड असतो. प्रत्येक विमानाची एक कागदी पट्टी, ती त्या बोर्डावर सरकवायची. धावपट्टीवर तपासणीची जीप गेली की धावपट्टीच्या जागी एक लाल पट्टी ठेवायची. ती आहे तोवर कोणाला उतरू द्यायचे नाही. जुनी माणसे विसरू नये म्हणून उपरण्याला गाठ मारत, तशी ही आमची गाठ.

स्नेहसंमेलनानंतरची एक दुपार, साडेतीन वाजले होते. हवा स्वच्छ होती आणि विमाने तुरळक. गर्दीत आमच्याकडून चूक होत नाही, गर्दी ओसरल्यावर होते. हे प्रशिक्षणातच शिकवतात आणि गर्दी ओसरल्यावर आम्ही ते विसरतो. त्याआधी सकाळची पाळी झाली होती, तिच्यामागून रात्रीची, मग ‘सुट्टी’ नावाचा एक दिवस, ज्याची निम्मी सुट्टी बदलापूरला पोचण्यात आणि निम्मी परत निघण्याच्या तयारीत गेली होती. पण हे कारण म्हणून सांगत नाही. आमच्याकडे सगळ्यांचे तसेच असते.

माझी पाळी संपून मृणालची सुरू होणार होती. मृणाल माझ्याहून दहा वर्षांनी लहान, मला दादा म्हणते. खुर्ची सोडण्यापूर्वी मी बोर्ड आवरला. बोर्ड नीटनेटका करून देणे हा माझा जुना अभिमान. कामाच्या पट्ट्या सरळ केल्या, संपलेल्या काढल्या. त्या आवराआवरीत माझ्या हाताने लाल पट्टी उचलली आणि संपलेल्या गठ्ठ्यावर ठेवली. हाताने, असे म्हणतो, कारण मी तिथे नव्हतो. जीप अजून धावपट्टीवर होती.

मी मृणालला वारा सांगितला, वापरातली धावपट्टी सांगितली, येणारे एक विमान सांगितले. बाकी काही नाही, म्हणालो. ती बसली.

आमच्यात एक पद्धत आहे. खुर्ची देणाऱ्याने लगेच निघून जायचे नाही. काही सांगायचे राहिले असेल म्हणून थोडा वेळ मागे उभे राहायचे. मी उभा राहिलो. मृणालच्या खांद्यावरून बोर्ड पाहत होतो आणि किती स्वच्छ दिसतो आहे याचे मनातल्या मनात कौतुक करत होतो.

उतरायची परवानगी देण्याआधी काचेतून धावपट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत नजरेने तपासायची असते. पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट. पुढे पुढे ती चालत्या बसमधून देवळाला हात जोडावेत तशी उरते. मृणाल मात्र खरोखर बघते. तिने बघितले, टोकाला पिवळा दिवा फिरत होता. तिने येणाऱ्या विमानाला न उतरता पुन्हा वर जायला सांगितले. वैमानिकाने ते शांतपणे ऐकले. विमान अजून बरेच लांब होते. प्रवाशांना खाडी दुसऱ्यांदा बघायला मिळाली आणि मग ते सुखरूप उतरले. कोणाचा चहासुद्धा सांडला नसेल.

मृणालने मान वळवली नाही. तिने फक्त विचारले, “दादा, जीप?”

मी म्हणालो, “होय.”

घरी

अहवाल मीच लिहिला. चौकशी होईपर्यंत मला खुर्चीवरून बाजूला केले. तो नियमच आहे, त्यात कोणाचा राग नसतो. पत्र आले त्यात माझा उल्लेख ‘सदर नियंत्रक’ असा होता. ते मला बरे वाटले. सदर नियंत्रक कोणीतरी दुसराच वाटत होता.

वरिष्ठांनी महिनाभर विश्रांती घ्या म्हटले. मी विश्रांतीला लागलो, म्हणजे चालायला लागलो. सकाळी बदलापूर गावातून उल्हास नदीच्या पुलापर्यंत. तिथून परत. दुपारी अंबरनाथला उतरून पालेगावपर्यंत, जिथे भातखाचरांच्या जागी घरांचे टॉवर उभे राहत होते आणि प्रत्येकाला परदेशातल्या एखाद्या बागेचे नाव होते. बसलो की छातीत धडधडायचे, म्हणून बसत नव्हतो. रस्त्यावर दोन रिक्षा आडव्या रस्त्यांनी येताना दिसल्या की मी थांबायचो. कोण आधी जाणार हे मनात ठरवायचो आणि त्या तशा गेल्या नाहीत की घाम फुटायचा. बदलापूरच्या रिक्षा कोणाचेच ऐकत नाहीत. माझी अवस्था काय झाली असेल याची कल्पना करा.

माझी बायको नीता अंबरनाथच्या एका शाळेत गणित शिकवते. तिच्या मते मी त्या दिवसांत घरात फक्त एकच काम करत होतो, ते म्हणजे दिवे, गॅस आणि कडी तपासणे. दिवसातून वीस वेळा. आणि तरीही तीनदा दूध उतू घालवले. गॅस बंद आहे का हे पाहायला जायचो, बंद आहे अशी खात्री करून यायचो, आणि तो चालू असायचा. लाल पट्टीची गोष्ट मी तिला सांगितली होती. चौथ्या वेळी तिने दूध ठेवले आणि कपडे वाळत घालायचा लाल चिमटा माझ्या सदऱ्याच्या खिशाला लावला.

“हा निघेपर्यंत ओट्यापासून हलायचं नाही,” ती म्हणाली. “आणि काढणार मी. तुम्ही नाही.”

मला राग आला. दोन दिवस आम्ही नीट बोललो नाही. पण दूध उतू गेले नाही.

हृदयाचेच काहीतरी आहे असे मी ठरवले होते. अंबरनाथच्या एका दवाखान्यात ईसीजीची पट्टी काढली, तीही कागदाची पट्टीच. डॉक्टर म्हणाले हृदय उत्तम आहे. इतकी निराशा मला बऱ्याच दिवसांत झाली नव्हती. हृदयाचा आजार सांगता येतो. त्यात भारदस्तपणा आहे. लोक भेटायला येतात, सफरचंदे आणतात.

गाद्यांच्या दुकानावर

नीतानेच उल्हासनगरच्या मानसोपचार डॉक्टरीणबाई शोधल्या. मी उल्हासनगरला तयार झालो कारण तिथे आमच्या कार्यालयातले कोणी राहत नव्हते. आमच्या धंद्यात डोक्याच्या डॉक्टरकडे जाणे म्हणजे परवान्यावर स्वतःच्या हाताने पाणी सोडणे, असा समज आहे. दरवर्षी-दोन वर्षांनी आमची वैद्यकीय तपासणी होते. तिथे डोळे, कान, रक्त सगळे खरे सांगतात. बाकीचे आम्ही सांभाळून घेतो. कार्यालयाने एकदा ताणावर व्याख्यान ठेवले होते, तेही रात्रपाळी सुटल्यावर आणि हजेरी सक्तीची. वक्त्याने डोळे मिटायला सांगितले. दहा मिनिटांनी त्याने आमच्या ध्यानाची खोली पाहून समाधान व्यक्त केले. तिघे घोरत होते.

डॉक्टरीणबाईंचा दवाखाना फर्निचर बाजारात, पहिल्या मजल्यावर. तळमजल्यावर गाद्यांचे दुकान. जिना दुकानाच्या कडेने जातो, त्यामुळे वर जाणारा प्रत्येक जण आधी गिऱ्हाईक वाटतो. दुकानदार सिंधी, गल्ल्यावरून उठायचा नाही. मला पाहून म्हणाला, “आओ साईं. नींद नहीं आती? पहले ऊपर जाके आओ, बाद में गद्दा देखते हैं.”

वर चार खुर्च्या होत्या. तीन रिकाम्या होत्या. चौथीवर भोईर सर बसले होते.

मी दारात थांबलो. त्यांनी चष्मा काढून पुसला. शाळेच्या व्यासपीठावर ज्यांचा आवाज माईक नसला तरी मैदानाच्या टोकाला पोचतो, ते सर जेमतेम ऐकू येईल असे म्हणाले, “गादी बघायला आलो होतो.”

“मीही,” मी म्हणालो.

मग आम्ही शेजारी बसलो आणि कापूस बरा की स्प्रिंग यावर वीस मिनिटे बोललो. अत्यंत गंभीरपणे. त्यांना आत बोलावले तेव्हा ते “जरा किंमत विचारून येतो” म्हणून गेले.

माझी पाळी आली. बाईंनी विचारले झोप कधीपासून नाही. मी पाळ्यांचे रोस्टर समजावून सांगू लागलो.

“रोस्टरचं नाही विचारलं मी,” त्या म्हणाल्या. त्यांचे मराठी स्वच्छ होते, मधूनच हिंदीत शिरायचे. “तुमचं विचारलं. और बैठो ना, चार दफा उठलात.”

मी सगळे सांगितले. जीप शेवटी सांगितली, कारण सांगायचे तेवढेच होते. त्या म्हणाल्या, हा चिंतेचा आजार आहे आणि त्याच्या खाली साठलेल्या थकव्यातून आलेले नैराश्य आहे. मी हरकत घेतली. नैराश्यात माणूस अंथरुणाला खिळतो असे मी वाचले होते. मी तर सारखा चालतो.

“हां,” त्या म्हणाल्या. “बसलात तर रडाल, म्हणून.”

मी बसलो. पुढची दहा मिनिटे लिहिण्यासारखी नाहीत. खाली दुकानदार कोणाला तरी पाच वर्षांची हमी देत होता, ते स्पष्ट ऐकू येत होते.

रकाना

गोळ्या सुरू झाल्या. पहिले पंधरा दिवस तोंड कोरडे आणि डोके कापसाचे. बाईंनी तसे आधीच सांगितले होते, त्यामुळे घाबरलो कमी, चिडलो जास्त. दर दुसऱ्या गुरुवारी उल्हासनगर. गेल्या गेल्या वजन, मग रक्तदाब, मग झोपेची वही दाखवायची. वहीत किती वाजता पडलो, किती वाजता उठलो. आयुष्यभर विमानांच्या वेळा लिहिल्या, आता स्वतःच्या लिहीत होतो. स्वतः फारच अनियमित निघालो.

चौकशी संपली. लाल पट्टी कोणी काढली हे मी लिहूनच दिले होते, त्यामुळे शोधण्यासारखे फार नव्हते. फेरप्रशिक्षण घेऊन खुर्चीवर परत येता येईल असे ठरले. त्याआधी वैद्यकीय तपासणी. फॉर्म घरी आला. त्यात एक रकाना होता: झोप, चिंता किंवा मनाच्या कोणत्याही तक्रारीसाठी उपचार घेतले आहेत किंवा घेत आहात काय? होय, नाही.

‘नाही’ लिहिले तर पंधरा दिवसांत खुर्ची. ‘होय’ लिहिले तर खुर्ची कधी, आणि मिळेल की नाही, हे कोणी सांगू शकत नव्हते. नीताच्या भावाचे मत होते की असल्या रकान्यात खरे लिहिणारा माणूस आधीच वेडा असतो. कार्यालयातल्या दोन ज्येष्ठांनी वेगवेगळे फोन करून, आडवळणाने, तेच सुचवले. दोघांनीही मला एका डॉक्टरचे नाव दिले जो काही लिहून देत नाही. नाव एकच होते. तेव्हा प्रथम कळले की टॉवरमध्ये मी एकटा नव्हतो.

नीताचे वेगळेच. तिला मी खुर्चीवरच नको होतो. टेबलाचे काम घ्या, म्हणाली. तुम्ही रात्रपाळीला जाता तेव्हा मी झोपते असं वाटतं का तुम्हाला? सोळा वर्षांत तिने हे एकदाही सांगितले नव्हते. मी म्हणालो मला दुसरे काही येत नाही. ती म्हणाली, हेसुद्धा आता येत नाही. मग ती आत गेली आणि बराच वेळ भांडी घासण्याचा आवाज येत राहिला. भांडी दुपारीच घासून झाली होती.

मी फॉर्म घेऊन वडिलांकडे गेलो. ते आयुष्यभर भातशेती आणि कारखान्यातली नोकरी दोन्ही करत आले. अंगणात विळ्याला धार लावत बसले होते. मी सगळे सांगितले, त्यांनी ऐकले. वरून एक विमान जात होते. त्यांनी विळ्यानेच तिकडे दाखवले.

“बाला, तू घरी हास तरी इमाना उरतान. मंग कसला घोर?”

दिलासा आणि अपमान एकाच वाक्यात देण्याची हातोटी आमच्याकडे वाडवडिलांपासून आहे.

त्या गुरुवारी भोईर सर पुन्हा भेटले. फॉर्म माझ्या पिशवीत होता. या वेळी गादीचा विषय काढावासा वाटला नाही. मी त्यांना रकान्याबद्दल सांगितले.

“मी सात वर्षं इथं गादी घेतोय,” ते म्हणाले. “शाळेत कोणाला ठाऊक नाही. घरी फक्त हिला. सांगतो तुम्हाला, आजार दिवसातून तास-दोन तास त्रास देतो. लपवणं मात्र सकाळी उठल्यापासून.” मग म्हणाले, “माझ्याकडं मुलं आहेत. चुकलो तर कोणाचं तरी गणित चुकेल. तुमच्याकडं काय आहे ते तुम्ही त्या दिवशी भाषणात सांगितलंतच.”

भाषण कोणी ऐकले असेल अशी माझी अपेक्षा नव्हती.

घरी आलो. नीताच्या समोर बसून त्या रकान्यात ‘होय’ लिहिले. जीपनंतर दुसऱ्यांदा हा शब्द वापरत होतो. नीताने फॉर्म वाचला, घडी घातली, पाकिटात घातला. मग चहा दोघांचा टाकला आणि चिमटा या वेळी स्वतःच्या ओढणीला लावला.

अपात्र

पंधरा दिवसांनी पत्र आले. ‘सदर नियंत्रक’ आता ‘तात्पुरता अपात्र’ होता. नीता म्हणाली हे फ्रेम करून शाळेच्या स्मृतिचिन्हाशेजारी लावू, निदान यात तुम्हाला वैमानिक म्हटलेलं नाही.

पुढचे सहा महिने मी कागदपत्रांच्या खोलीत काम केले. पहिले दोन महिने वाईट गेले. विमानाचा आवाज आला की अजूनही मान वर व्हायची आणि मग कोणीतरी हाक मारल्यासारखे होऊन छातीत धडधड. हे तुमच्या बाबतीतही होईल, वेगळ्या आवाजाने. रोज नाही, पण काही दिवसांनी एखादा दिवस असा येतो की संध्याकाळी आठवते, आज धडधडले नाही. तो दिवस साजरा करू नका. मी केला, नीताला हॉटेलात नेले, आणि तिथेच धडधडले.

मदत झाली ती छोट्या गोष्टींची. मृणाल रोज दुपारी एक मेसेज पाठवायची. तब्येत विचारायची नाही. फक्त कॅन्टीनमध्ये भाजी कोणती आणि ती काल कोणती होती. वडिलांनी मला भाताच्या लावणीला नेले. चिखलात पाय रुतले की चालता येत नाही, थांबावेच लागते. बांधापलीकडच्या वाडीतल्या बाया माझ्या दुप्पट वेगाने रोपे लावत होत्या. त्यातली एक वडिलांना म्हणाली, तुमचा हा रांगेत नाय लावत. वडील म्हणाले, त्याचा धंदाच रांगेचा. त्या दिवशी मी दुपारी बांधावर झोपलो. वहीत लिहिले, ‘दोन तास दहा मिनिटे, गादीशिवाय’. डॉक्टरीणबाईंनी त्याखाली रेघ मारली.

माझ्यानंतर आणखी दोघांनी तो रकाना खरा भरला असे मृणालने कळवले. ती भाजीच्या मेसेजमध्येच लिहिते: आज दुधी. अजून एक होय.

खुर्ची

सहा महिन्यांनी दोन डॉक्टरांच्या अहवालांवर मला पात्र ठरवले. गोळी एकच उरली आहे, लहान मात्रेची, आणि ती कोणापासून लपवलेली नाही. काही आठवडे लक्ष ठेवायला माझ्या मागे कोणीतरी बसणार, मग परीक्षा, मग पुन्हा स्वतंत्र. सुरुवात जमिनीवरच्या विमानांपासून, म्हणजे ती कुठून कुठे न्यायची ते सांगण्यापासून.

पहिल्या दिवशी वडिलांनी ग्रामदेवतेला नारळ फोडला. नीताने लाल चिमटा खिशाला लावला. काढणार कोण, हे विचारले तर म्हणाली, संध्याकाळी बघू. भोईर सरांनी फोन करून, जुन्या आवाजात, आता पुन्हा आकाशाच्या शिस्तीला तुमची गरज आहे असे काहीसे सांगितले.

टॉवर तसाच होता. खुर्ची मात्र कोणीतरी उंच करून ठेवली होती. मृणाल मागे बसली. मी हेडसेट घातला, बोर्ड पाहिला, मग धावपट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. पुन्हा पाहिली. मृणालने घसा साफ केला. तिसऱ्यांदा पाहिली नाही.

इतक्या महिन्यांनंतर माझ्याशी बोलणारे पहिले विमान कोणते असेल याचा विचार मी कित्येकदा केला होता.

हेडसेटमध्ये आवाज आला. हँगरमध्ये एक विमान जॅकवर उभे होते, त्याचे एक चाक काढलेले होते आणि आत बसलेल्या मेकॅनिकला त्याचा रेडिओ चालतो का ते तपासायचे होते. ऐकू कसे येते, पाचपैकी सांगा, असे त्याने विचारले.

मी पाच सांगितले. त्याने आभार मानले. ते विमान त्या दिवशी कुठेही गेले नाही.